गळाची दोरी : विणीची की एकतंतू?

लोणारचे खारे सरोवर अभयारण्य आहे. तेथे गळ टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु जिल्ह्यातील खडकपूर्णेसारख्या गोड्या जलाशयावर मरळ धरू पाहणाऱ्याने दोरी विचारपूर्वक निवडावी. विणीची दोरी ताणली जात नाही; माशाने आमिषास तोंड लावताच हातास कळते. हा गुण मोठा खरा. पण काळ्या पाषाणाच्या धारेवर घासली की ती पाहता पाहता तुटते, आणि गळासह मासाही जातो. एकतंतू नायलॉन अशा घर्षणास अधिक टिकतो व नितळ पाण्यात माशास सहसा दिसत नाही. (पावसाळी गढूळ पाण्यात या गुणाचे मोल ते काय!) सबब मुख्य दोरी विणीची ठेवून गळाकडे दोन हात एकतंतू जोडणे इष्ट. दोहोंचा खर्च न झेपणाऱ्याने निःसंकोच एकतंतूच घ्यावा. मात्र तो उन्हात ठेवू नये, ठिसूळ होतो.