मलिद्याच्या ताटाभोवती

कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजातील वृद्धांचे बोलणे मन लावून ऐकण्याजोगे आहे. 1950 आणि 1960च्या दशकांत हजारो कुटुंबांनी कुलाबा जिल्हा, मुंबई, ठाणे, पुणे येथील घरे सोडली आणि दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद अशा शहरांत बिऱ्हाडे मांडली. इकडे कारकुनी केलेल्या पुष्कळांच्या वाट्याला तिकडे कारखान्यातली मजुरी आली. त्याहून मोठा घाव वेगळाच होता. तेथील धर्मपीठाने विवाहाच्या प्रश्नात त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. जेरुसलेममध्ये आंदोलन झाले, आणि 1964 मध्ये बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचे इस्रायल सरकारने जाहीर केले.

या काळात समाजाला धरून ठेवले ते मलिद्याने. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडे आणि फळे ताटात मांडून एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याचे स्मरण करायचे. लग्न ठरले, नवे घर झाले, नवस फेडायचा असला की मलिदा होतोच. प्रार्थना हिब्रू, गप्पा मराठी. त्यासाठी अनेक घरे एकत्र येतात आणि कोण आजारी, कोणाचा मुलगा सैन्यात, हे तिथेच कळते. आयुष्याचा अर्थ या माणसांनी अशा नेमाने जमण्यात शोधला, आणि ते योग्यच होते.

त्यांच्या नातवंडांची भाषा आता हिब्रू आहे. या आजी-आजोबांचे मराठी बोलणे ध्वनिमुद्रित करण्याचे काम महाराष्ट्रातील विद्यापीठांनी आणि साहित्यसंस्थांनी आजच हाती घ्यावे.