बरे होण्याची तारीख कायद्यानेच ठरवावी

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने विमाविषयक कायद्यांत दुरुस्ती करून या क्षेत्रात शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला वाट मोकळी करून दिली. त्याआधी, सप्टेंबर 2025 मध्ये, वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील 18 टक्के वस्तू व सेवा कर शून्यावर आणण्यात आला होता. दोन्ही निर्णयांचे समर्थन एकाच घोषणेच्या आधारे झाले: 2047 पर्यंत सर्वांना विमा. घोषणा चांगली आहे. मात्र 'सर्व' या शब्दात नेमके कोण बसते, याचा हिशेब राजधानीत कोणी मांडलेला दिसत नाही. हप्ता परवडत नाही म्हणून विम्याबाहेर राहिलेल्यांची चर्चा निदान होते. हप्ता भरण्याची तयारी असूनही ज्यांच्यासाठी दार उघडत नाही, त्यांची चर्चा होत नाही. बालपणी कर्करोग होऊन त्यातून पूर्ण बरे झालेले तरुण या दुसऱ्या वर्गात मोडतात.

हा वर्ग नवा आहे आणि तो वैद्यकशास्त्राच्या यशातून जन्मला आहे. दोन पिढ्यांपूर्वी मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, की घरच्यांनी आशा सोडायची असे. आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, आणि 2030 पर्यंत जगभरात हे प्रमाण किमान 60 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये ठरविले आहे. भारतातील मोठ्या केंद्रांतही बऱ्या होणाऱ्या मुलांची संख्या वाढत गेली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला तो 1991 मध्ये. त्या विभागात सुरुवातीला आलेली मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत. कोणी शिक्षक आहे, कोणी संगणक अभियंता, कोणी दोन मुलांची आई. डॉक्टरांच्या वहीत त्यांचा आजार कधीच संपला. विमा कंपनीच्या वहीत तो संपलेला नाही.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. बालवयात घेतलेल्या उपचारांची किंमत शरीर पुढे मोजत राहू शकते. काही औषधांनी हृदयाचा स्नायू दुबळा होतो, मानेवर दिलेल्या किरणोपचाराने थायरॉइडवर परिणाम होतो, काही औषधे ऐकू येण्यावर किंवा मूत्रपिंडावर घाव घालतात. परंतु ही जोखीम प्रत्येकाची वेगळी असते. कोणते औषध एकूण किती दिले गेले, किरण कोठे आणि किती दिले, त्या वेळी मुलाचे वय काय होते, यावर ती ठरते. म्हणजे ती मोजता येते. ती मोजण्याऐवजी अर्जातील 'कर्करोग' हा एक शब्द पाहून प्रस्ताव बाजूला ठेवणे हा विमाशास्त्राचा व्यवहार नव्हे. तो केवळ सोयीचा व्यवहार आहे.

नियामकाने, म्हणजे इर्डाईने, या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनी काही आजार विमाधारकाच्या संमतीने कायमचे वगळण्याची मुभा कंपन्यांना दिली होती आणि त्या यादीत कर्करोग होता. सरसकट नकारापेक्षा अपुरे संरक्षण बरे, असा त्यामागचा विचार होता. 2024 मध्ये भूमिका बरीच बदलली. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ 48 महिन्यांवरून जास्तीत जास्त 36 महिन्यांवर आला. सलग 60 महिने विमा चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येणार नाही, असे ठरले; पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. सर्व वयोगटांसाठी आणि आधीपासून आजार असलेल्यांसाठीही योजना उपलब्ध करून द्याव्यात, असे कंपन्यांना सांगण्यात आले.

तरीही फट राहिली आहे, आणि ती व्याख्येत आहे. 2024 च्या नियमांनुसार विमा घेण्याच्या आधीच्या 36 महिन्यांत ज्याचे निदान झाले, किंवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार घेतले गेले, तो 'आधीपासूनचा आजार'. वयाच्या सहाव्या वर्षी उपचार संपलेला तरुण पंचविसाव्या वर्षी या व्याख्येतून सुटायला हवा. पण डॉक्टर त्याला दरवर्षी तपासणीला बोलावतात. हृदयाचा आलेख, रक्ताची चाचणी, दोन शब्दांचा सल्ला. हा 'वैद्यकीय सल्ला' मानायचा काय? मानला, तर जो तरुण शहाणपणाने नियमित तपासणी करतो तो कायमचा आजारी ठरतो, आणि जो डॉक्टरांकडे फिरकतच नाही तो निरोगी ठरतो. सावधगिरीला दंड आणि बेफिकिरीला बक्षीस देणारी ही व्याख्या आहे. शिवाय योजना उपलब्ध करून देणे वेगळे आणि विशिष्ट माणसाचा प्रस्ताव स्वीकारणे वेगळे. स्वीकाराचा निर्णय कंपनीच्या स्वतःच्या जोखीम धोरणावरच राहिला आहे.

राजधानीतील मराठी अधिकारीवर्गाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचा संभव आहे, कारण केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे छत्र त्यांच्या डोक्यावर आहे. 1954 मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही योजना कर्करोगाचा महागडा उपचारही सांभाळून घेते. पण तिच्या नियमानुसार मुलगा 25 वर्षांचा होईपर्यंत, कमावू लागेपर्यंत किंवा त्याचे लग्न होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवरच आश्रित राहतो. मुलीला वयाची अट नाही, पण नोकरी किंवा लग्न झाले की तिचेही नाव कमी होते. कायमचे अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची मर्यादा लागू नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र जो पूर्ण बरा झाला त्याच्यासाठी सवलत नाही. पंचविसाव्या वाढदिवसाला तो सरकारी छत्रातून बाहेर पडतो आणि खासगी बाजारात प्रथमच अर्ज करतो तो 'कर्करोगाचा इतिहास' घेऊन.

पोटापाण्यासाठी दिल्ली, सुरत, बंगळूर गाठलेल्यांची स्थिती निराळी आहे. 2018 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे, आधीचा आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो आणि योजनेशी जोडलेल्या दुसऱ्या राज्यातील रुग्णालयातही ती चालते. दिल्ली 2025 मध्ये या योजनेत आली. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. ठरावीक वेतनमर्यादेतील कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना आहे. मात्र आयुष्मान योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. बरे झालेल्यांना लागणारी वार्षिक तपासणी बाह्यरुग्ण विभागात होते आणि तिचा खर्च खिशातून जातो. आणि उत्पन्न थोडे वाढून जो या योजनांच्या पात्रतेबाहेर जातो, त्याला पुन्हा खासगी कंपनीचेच दार ठोठवावे लागते.

अशा वेळी अनेक घरांत एक सल्ला हमखास दिला जातो: लिहूच नका. प्रस्ताव अर्ज बहुधा विमा प्रतिनिधीच भरतो आणि आजारांच्या रकान्यात 'नाही' अशी खूण करून मोकळा होतो. हा सल्ला घातक आहे. महत्त्वाची माहिती दडविली तर कंपनी दावा नाकारू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सतवंत कौर संधू प्रकरणात मान्य केले. उलट, डिसेंबर 2021 मध्ये मनमोहन नंदा प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, विमाधारकाने सांगितलेला आजार माहीत असताना कंपनीने विमा दिला असेल, तर पुढे त्याच कारणावरून तिला दावा फेटाळता येत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर अर्थ उघड आहे. सांगितलेले सत्य विमाधारकाचे रक्षण करते. लपविलेले सत्य कंपनीचे.

म्हणून कुटुंबांनी करावयाच्या गोष्टी थोड्या, पण नेमक्या आहेत. उपचार संपताना रुग्णालयाकडून औषधांच्या एकूण मात्रा आणि किरणोपचाराचा तपशील असलेला सारांश लेखी घ्यावा. अर्जाची प्रत मागून घ्यावी; विमापत्र हाती आल्यावर ते परत करण्यासाठी 30 दिवसांची मुभा असते, त्या काळात प्रत्येक उत्तर तपासावे. मूल कुटुंबाच्या विम्यात आधीपासून असेल तर वयोमर्यादा येण्याआधीच त्याचे नाव खंड न पडता स्वतंत्र विम्यात न्यावे, म्हणजे सोसलेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही. नोकरीच्या सामूहिक विम्यावर विसंबणाऱ्याने नोकरी सोडण्यापूर्वीच त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाण्याची चौकशी करावी. प्रस्ताव नाकारला गेल्यास कारणासह लेखी नकार मागावा. दावा फेटाळला गेला तर आधी कंपनीकडे तक्रार करून मग विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क लागत नाही.

परंतु ज्या व्यवस्थेत जाणकार कुटुंबेच तरतात, ती व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही. येथे प्रश्न राजकीय इच्छाशक्तीचा होतो. 2017 मध्ये संसदेने दोन कायदे केले. एचआयव्हीबाधितांना विमागणिती अभ्यासाच्या आधाराविना विमा नाकारणे हा भेदभाव ठरविला गेला, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा संरक्षण देण्याचे बंधन कंपन्यांवर आले. जी संसद आजारी माणसाच्या बाजूने उभी राहिली, तिने बऱ्या झालेल्या माणसासाठी तसा कायदा केलेला नाही. फ्रान्सने 2016 मध्ये कर्करोगातून बरे झालेल्यांना 'विस्मरणाचा अधिकार' दिला. 2022 पासून उपचार संपून पाच वर्षे झाली की तो आजार सांगण्याचे बंधन राहत नाही. तो अधिकार कर्जाशी जोडलेल्या विम्यापुरता आहे, आरोग्य विम्याचा नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण त्यातले तत्त्व मोलाचे आहे: आजार कधी संपला हे ठरविण्याचा अधिकार बाजाराकडे न ठेवता कायद्याने एक तारीख द्यावी.

भारतात हे अवघड का होते, याचे उत्तर साऊथ ब्लॉक, नॉर्थ ब्लॉकची रचना जाणणाऱ्यांना सहज सापडेल. टाटा स्मारक केंद्र अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत, केंद्रीय आरोग्य योजना आरोग्य मंत्रालयाकडे, विमा अर्थ मंत्रालयाकडे, कामगारांचा विमा श्रम मंत्रालयाकडे. मूल एकच, फायली चार. प्रत्येक फाइल आपापल्या जागी बरोबर, आणि मूल मात्र एकाही फाइलीत नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. बालपणी कर्करोग होऊन उपचार संपल्यास पाच वर्षे झालेल्यांच्या नियमित तपासणीला 'उपचार' वा 'सल्ला' मानू नये, असे स्पष्टीकरण नियामक एका परिपत्रकाने देऊ शकतो. नकारासाठी विमागणिती पुरावा सक्तीचा करता येईल. टाटा रुग्णालयाचा साडेतीन दशकांचा अनुभव आणि 1980 च्या दशकाच्या आरंभापासूनची राष्ट्रीय कर्करोग नोंदणी त्यासाठी हाताशी आहे. केंद्रीय योजनेत निवृत्तांकडून वर्गणी घेऊन आजीवन संरक्षण दिले जाते; तीच सोय या तरुणांना पंचविशीनंतर वर्गणी भरून देण्यास मोठी अडचण दिसत नाही. आणि उपचार संपल्याचा कागद देतानाच विम्याचे हक्क समजावून सांगणारा समाजसेवक प्रत्येक मोठ्या कर्करोग रुग्णालयात असावा.

या मुलांना जगविण्यासाठी सार्वजनिक रुग्णालयांनी, दानशूरांनी आणि करदात्यांनी पैसा खर्च केला आहे. त्या खर्चाचे फळ म्हणजे काम करणारा, कर भरणारा, हप्ता भरायला तयार असलेला नागरिक. त्याला सवलत नको आहे. आपण बरे झालो आहोत, हे देशाने लेखी मान्य करावे एवढेच त्याचे मागणे आहे; आणि 'सर्वांना विमा' म्हणणाऱ्या सरकारला ते 2047 पर्यंत लांबविण्याचे काही कारण नाही.