शिडाखालचा संसार

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की कोकणातल्या खाड्यांमधून शिडाची गलबते बाहेर पडत. मंगळुरी कौले, मीठ, नारळ, लाकूड भरून किनाऱ्याच्या कडेकडेने चालत. पहाटेचे मतलई वारे त्यांना खाडीबाहेर काढत; दुपारी खारे वारे सुटले की शीड फिरवायचे. वारा पडला तर नांगर टाकून वाट पाहायची.

मराठी आरमारावर आपण भरभरून लिहितो, आणि लिहायलाच हवे. पण या व्यापारी गलबतांवर माणसे जगत कशी, हे फारसे कुणी लिहून ठेवले नाही. मला ती हानी मोठी वाटते. म्हणून हा अंक.

लाकडी खोक्यात माती लिंपून केलेली चूल, तीही वाऱ्याच्या आडोशाला. त्यावर भात आणि वाटेत गळाला लागलेल्या मासळीचे कालवण. गोडे पाणी पिंपातून मोजून मिळे. अंग धुवायला खारेच. गलबत हाकणाऱ्या तांडेलाची नजर मात्र किनाऱ्यावर: एखादा बुरूज, डोंगराची सोंड, देवळाचा कळस. रात्री तारे.

अजिंठ्यातल्या जहाजाच्या चित्रावरून बांधलेले 'कौंडिण्य' हे शिडाचे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले. केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. जहाज पुन्हा बांधता आले. पण खलाशांची बोली कुठून आणणार? तुमच्या घरात कुणी जुने तांडेल, खलाशी असतील, तर त्यांच्यापाशी बसा. दोरांची, वाऱ्यांची, गाठींची नावे विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा.