वाचकाचे मत

पुस्तक वाचून झाले की पुष्कळ मुले वहीत लिहितात, 'पुस्तक फार छान आहे. त्यातून चांगला बोध मिळतो.' ही दोन वाक्ये कोणत्याही पुस्तकाखाली लिहिता येतात. म्हणूनच ती निरुपयोगी होत. वाचणाऱ्याला स्वतःला काय वाटले, ते त्यांतून मुळीच कळत नाही.

डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीजवळ राहणारा एखादा वारली मुलगा 'श्यामची आई' वाचतो आहे, असे समजा. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. पोहावयास भिणाऱ्या श्यामला आई मारते, हा प्रसंग वाचून कित्येकांचे डोळे पाणावतात. परंतु लहानपणापासून ओढ्यात डुंबणाऱ्या मुलाला तेथे प्रथम हसू येणेच स्वाभाविक आहे. ते त्याने दडवू नये. आईचे मन त्याला पुढे उमगेलच. एखादे पुस्तक कंटाळवाणे वाटले, तर तसेही खुशाल लिहावे. मात्र कंटाळा कोणत्या पानावर आला, हेही सांगावे.

या मुलाच्या स्वतःच्या मुलखावरही दोन पुस्तके आहेत. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे एक. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वारली माणूस जमीनदाराकडे वर्षानुवर्षे राबत असे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली वारल्यांनी ही वेठ नाकारली. ती हकीकत वाचताना मुठी आपोआप आवळल्या जातात. दुसरे पुस्तक अनुताई वाघ यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून'. ताराबाई मोडक यांनी १९४५ सालीच जवळच्या बोर्डी गावी बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ साली ते कोसबाडला आणले. अनुताई त्यांच्या सहकारी. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली! येथे मुठी सैल होतात आणि मनाला कौतुक वाटते.

पण याच मुलाच्या मनात एक अवघड प्रश्नही उभा राहील. दोन्ही लेखिका या मुलखात बाहेरून आलेल्या. हीच हकीकत आपल्या आजीने, आपल्या बोलीत, कशी सांगितली असती? असा प्रश्न विचारणे म्हणजे कृतघ्नपणा, असे कोणास वाटेल. ते खरे नव्हे. आजीची हकीकत अजून कोणी लिहिली नसेल, तर ती लिहून घेणारा हाच मुलगा असू शकेल. ज्या मुलाने वहीत केवळ 'फार छान' लिहिले, त्याला हा प्रश्न सुचणे कठीण.

दूरच्या पुस्तकाची गोष्ट निराळी. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेचे 'तोत्तोचान' मराठीत आले आहे. त्यातील नावे उच्चारताना जीभ प्रथम अडखळते. मग टोकियोची ती तोमोए शाळा दिसू लागते. जुन्या आगगाडीच्या डब्यांत तिचे वर्ग भरत, आणि नव्या मुलीचे बोलणे मुख्याध्यापक तासन्‌तास ऐकत. कुरणातील शाळा ठाऊक असलेल्या कोसबाडच्या वाचकाला डब्यातील शाळेचे फारसे नवल वाटणार नाही. ती ओळखीचीच वाटेल. महायुद्धातील बॉम्बवर्षावात ती शाळा जळून गेली, हे वाचून मात्र तो क्षणभर थांबेल. तेही साल १९४५ च होते.