यात्रेआधीची वजाबाकी

‘एक गिर्यारोहक ८०० मीटरवरून निघाला, ६०० मीटर चढला आणि १५० मीटर उतरला, तर तो आता किती उंचीवर आहे?’ अशी शाब्दिक उदाहरणे शाळेत सगळ्यांनीच सोडवलेली असतात. १२५० मीटर उत्तर आले की वही बंद. शरीर मात्र पुढचे विचारते: हा चढ किती दिवसांत केला, आणि रात्री झोपलात कुठे?

नाशिककरांना डोंगर नवा नाही. शहरच सुमारे ६०० मीटरवर, ब्रह्मगिरी हाकेच्या अंतरावर, कळसूबाई जिल्ह्याच्या वेशीवर. त्यामुळे चारधामला निघताना ‘आम्हाला चढायची सवय आहे’ असे ठामपणे सांगितले जाते. पण कळसूबाई १६४६ मीटर. केदारनाथची पायवाट जिथून सुरू होते ते गौरीकुंडच सुमारे १९८० मीटरवर आहे. उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे होतो, आणि तेवढी उंची महाराष्ट्रात कुठेच नाही. सवय असते ती चालण्याची, विरळ हवेची नव्हे.

शिवाय वजाबाकी नाशिकपासून करायचीच नाही. आदल्या मुक्कामापासून करायची. हरिद्वार जेमतेम ३०० मीटरवर, केदारनाथ सुमारे ३५८० मीटरवर. फरक जवळजवळ ३३०० मीटर. तीन हजारांपर्यंत पोहोचायला निदान दोन दिवस घ्यावेत, त्यापुढे झोपण्याची जागा रोज ५०० मीटरहून अधिक वर नेऊ नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. सहलीच्या पत्रकात नाश्त्याचे पदार्थसुद्धा छापतात, मुक्कामाची उंची नाही. ती छापलीच पाहिजे. हेलिकॉप्टरने गुडघे वाचतात, फरक तेवढाच राहतो. उलट तो काही मिनिटांत अंगावर येतो. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो.

हृदयविकार वा दमा असलेल्यांनी तिकिटे काढण्याआधीच तपासणी करावी. वाटेत अडचण नको म्हणून लघवीची गोळी परस्पर बंद करणारे यात्रेकरू कमी नाहीत. हे धोक्याचे आहे.

डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही सुरुवात. तेव्हा आहे तिथेच थांबावे. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर दर्शन राहिले असले तरी त्याला लगेच खाली न्यावे, तेही न चालवता.