दहा नंबरचा पाना

माझ्या मोटारसायकलची बॅटरी आणि एका बाजूचं साइड कव्हर अशा दोन वस्तू एका रात्रीत गेल्या, तेव्हा सोसायटीतली माणसं मला भेटायला आली. दुखवट्याला येतात तशीच आली. फरक एवढाच, की दुखवट्याला आलेला माणूस 'तुम्हीच नीट सांभाळलं नाहीत' असं तोंडावर म्हणत नाही. इथं प्रत्येक जण तेवढंच म्हणायला आला होता.

तळमजल्यावरचे काका म्हणाले, "गाडी दिव्याखाली लावत जा." दिव्याखालीच लावली होती, चोराला बोल्ट नीट दिसले असावेत. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, "वरून ताडपत्री घालत जा." तीही घातली होती. गेलेल्या वस्तूंत ती तिसरी. मघाशी सांगायची राहिली. आणखी एकांनी साखळी सुचवली. आता मोटारसायकलला साखळी कुठं कुठं बांधायची हो? चाकाला बांधली तर आरसा मोकळा, आरशाला बांधली तर बॅटरी मोकळी. सगळीकडून बांधली तर सकाळी साडेनऊला ती मलाच सुटायची नाही. त्यापेक्षा हत्ती परवडला. त्याच्या पायात एक साखळी घातली की भागतं. कान कोणी काढून नेत नाही.

आमच्या मेकॅनिकनं तर मला सगळं चोराच्या बाजूनंच समजावलं. "साहेब, साइड कव्हर रबरी बुशांत नुसतं दाबून बसवलेलं असतं. बॅटरीच्या पट्टीला बोल्ट, त्याला दहा नंबरचा पाना. आरशाचा खालचा नट ढिला केला की बरणीच्या झाकणासारखा फिरतो." म्हणजे दुरुस्तीला सोपी म्हणून जी गाडी आपण घेतो, ती चोरीलाही सोपीच असते. त्यातून १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. त्या गाड्यांच्या सायलेन्सरमधे धूर शुद्ध करणारी एक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या धातूंचा पातळ थर असतो. आमच्या सौभाग्यवतीच्या अंगावर प्लॅटिनम नाही, माझ्या सायलेन्सरमधे आहे. हे मी अजून घरात सांगितलेलं नाही.

गाडीला कायमची जखडलेली वस्तू एकच, ती म्हणजे सरकारी नंबरप्लेट. तिला न उघडणारं स्नॅप लॉक असतं. बाकी सगळी गाडी गेली तरी नंबर आपलाच!

तुम्ही म्हणाल, विमा असेल की. आहे ना! मागे हौसेनं बसवलेला जादा हॉर्न गेला, तेव्हा मी पॉलिसी शेवटपर्यंत वाचली होती. बँकेत बावीस वर्षं काढल्यावर माणसाला बारीक अक्षर आवडायला लागतं. त्यात कलम होतं, की ॲक्सेसरी चोरीला गेली तर भरपाई नाही. त्याच वेळी गाडीही चोरीला गेली असेल तर गोष्ट वेगळी. थोडक्यात, चोरानं काम अर्धवट टाकू नये अशी अपेक्षा आहे.

हे सगळे उपाय मला आमच्या काउंटरवरच्या पेनासारखे वाटतात. बँकेतलं पेन दोऱ्यानं बांधलेलं असतं, त्यावर लोक हसतात. पण ते दरोडेखोरांसाठी बांधलेलं नसतं. लाखाची एफडी करून, "बराय, येतो" म्हणून हसतमुखानं जाणाऱ्या सभ्य गृहस्थांसाठी असतं. दोरा बांधला, तर टोपण जातं. टोपण बांधलं, तर रिफील जाते. म्हणून माझं म्हणणं असं, की दोरा हा उपायच नव्हे. आपण कुलूप बघतो चोराच्या बाजूनं, आणि चोराच्या पलीकडे जो उभा असतो त्याच्याकडे बघतच नाही.

जरा विचार करा. एका बाजूचं साइड कव्हर नेऊन चोर त्याचं काय करणार? त्यात भेळ कालवणार? तो ते नेतो, कारण ते विकत घेणारा कोणीतरी आहे. हा कोणीतरी कोण, ते मला पक्कं ठाऊक आहे. तो मी आहे.

बॅटरी मी मुकाट्यानं नवी घेतली. कव्हरची मात्र शोरूममधे चौकशी केली, तर नऊशे रुपये म्हणाले. रविवारी जुन्या बाजारात तेच दोनशेला दिसलं. विकणारा म्हणाला, "साहेब, माल ओरिजनल आहे." ओरिजनल होता यात शंकाच नव्हती. प्रश्न फक्त कोणाचा होता, एवढाच. तो मी विचारला नाही. उलट घासाघीस करून दीडशेला घेतला आणि जग जिंकल्यासारखा घरी आलो.

संध्याकाळी हिनं कव्हर आतून पुसायला घेतलं आणि म्हणाली, "अहो, हा आपल्या गाडीचा नंबर नाही." आतल्या बाजूला कोणीतरी टोच्यानं आपल्या गाडीचा नंबर कोरला होता. सुट्या भागांवर नंबर कोरून ठेवा, हा सल्ला सगळेच देतात. या बिचाऱ्यानं तो ऐकला होता. पण खूण काही चोरासाठी नसते. ती गिऱ्हाइकासाठी असते, आणि गिऱ्हाइकानं कव्हर उलटं करूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. बी.कॉम.ला आम्हाला १९३० चा मालविक्रीचा कायदा होता. त्याचं २७ वं कलम मी परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं: विकणाराच मालक नसेल, तर घेणाराही मालक होत नाही. त्यावर पूर्ण मार्क मिळाले होते. फौजदारी कायदा तर याहून कडक. जुन्या दंडसंहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंतच! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही हा हिशेब तसाच आहे. आणि माल चोरीचा आहे हे ठाऊकच असायला पाहिजे असंही नाही. तसं वाटायला कारण असलं तरी पुरतं. नऊशेची वस्तू दीडशेला, याहून सबळ कारण कोणतं?

दुसऱ्या दिवशी कव्हर वर्तमानपत्रात गुंडाळून चौकीवर गेलो.

"चोरी कोणी केली?" हवालदारांनी विचारलं.

"ठाऊक नाही."

"विकलं कोणी?"

"रविवारचा बाजार. चेहरा आठवत नाही."

"मग घेतलं कोणी?"

"मी."

"म्हणजे या अख्ख्या प्रकरणात आम्हाला सापडलेले तुम्ही एकटेच," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. माणूस भला होता. कव्हर ठेवून घेतलं, नंबर लिहून घेतला आणि मला सोडलं.

पुढे त्या नंबरचा मालक सापडला. घरोघर पार्सलं पोचवणारा पंचवीस वर्षांचा मुलगा. मुद्दाम बँकेत येऊन माझे आभार मानून गेला! म्हणाला, "काका, तक्रार द्यायला एक दिवस मोडला असता, म्हणून गेलो नव्हतो." मी ओशाळून विचारलं, "मग इतके दिवस गाडी तशीच चालवलीस?" "छे हो काका. त्याच बाजारातून दुसरं घेतलं. नवं परवडतं कुठं?"

बघा म्हणजे! त्याचं माझ्याकडे, आणखी कोणाचं तरी त्याच्याकडे, माझं कदाचित त्या आणखी कोणाकडे. गावातली कव्हरं गावातच फिरतात आणि प्रत्येक फेरीला आपण दीडशे रुपये भाडं भरतो. मागणी असेल तसा पुरवठा होतो, असं आम्ही अर्थशास्त्रात शिकलो. या धंद्यात पुरवठादार मागणीसुद्धा स्वतःच तयार करतो. रात्री दहा नंबरच्या पान्यानं मागणी निर्माण करायची आणि रविवारी सकाळी ती भागवायची. आणि आपण सगळे हळहळत, चोराला शिव्या देत, सुट्टे पैसे मोजून त्याच्या हातात ठेवतो.

सगळाच जुना माल चोरीचा असतो असं मी म्हणत नाही. भंगारात काढलेल्या गाडीचे भाग विकणारे सचोटीचे लोक आहेत. त्यांना ओळखायची खूण सोपी आहे. पावती मागा. प्रामाणिक माणूस पावती फाडतो, दुसरा विषय बदलतो. त्या मुलाला नवं परवडत नाही हे खरं. पण त्याचं मूळचं गेलंच नसतं, तर परवडण्याचा प्रश्न आला असता का? आणि मला तर नऊशे परवडत होते. मला फक्त साडेसातशे वाचवायचे होते.

शेवटी नवं कव्हर घेतलं, पावतीसकट. आतल्या बाजूला नंबरही कोरला.

हे लिहून झालं आणि पेनाला टोपण लावायला गेलो, तर टोपण सापडेना. नीट पाहिलं, तर पेनाच्या शेपटाशी पांढऱ्या दोऱ्याची गाठ होती. उद्या काउंटर उघडायच्या आत परत नेऊन बांधायला हवं.