हातांचे ओझे उतरविताना

आपल्या बेळगाव-खानापूर भागात वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या व्हॅन अद्याप पुष्कळ दिसतात. कोणी तीतून बाजाराचा माल नेतो, कोणी मुले शाळेस पोचवितो. आणि काही हौशी गृहस्थांनी तर आतील बाके काढून झोपण्याची फळी, पाण्याची टाकी, शेगडीचा ओटा असे सारे बिऱ्हाडच तीत थाटलेले असते. अशा गाडीवर घराचा जीव जडतो. परंतु गाडी आणि मालक यांची वये बरोबरीने वाढत जातात. इंजिन उतरवून नवे करता येते, खांद्याचे सांधे तसे करता येत नाहीत. मग चोर्ल्याच्या घाटातील एखादे वळण, किंवा बाजाराच्या बोळात गाडी मागेपुढे करून लावणे, हेच मोठे संकट होऊन बसते.

खानापूर तालुक्यातील एका वाचकांनी नेमके हेच लिहून विचारले आहे. वय चौसष्ट, उजवा खांदा दुखरा. पत्नीसह पंढरपूर-तुळजापूरच्या यात्रा करता याव्यात म्हणून स्वतः उभे राहून सजविलेली व्हॅन विकण्यास मन घेत नाही. गॅरेजचा मिस्त्री म्हणतो, भंगारातील मोटारीचा पॉवर स्टिअरिंगचा रॅक बसवून देतो, दोन दिवसांचे काम आहे. बसवावा काय? माझे उत्तर असे की, असा रॅक काही गाड्यांना बसतो, काहींना मुळीच बसू नये. आणि आपली गाडी कोणत्या जातीची हे ठरविल्याशिवाय दोन दिवसांचा वायदा करणाऱ्यावर विसंबू नये.

प्रथम रचना समजून घेऊ. साध्या रॅकमध्ये चक्राचा दांडा खाली एका लहान दंतचक्राला, म्हणजे पिनिअनला, फिरवितो. पिनिअन एका आडव्या दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकविते. ही पट्टी म्हणजेच रॅक. तिच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड चाके वळवितात. येथे सारे बळ हातांचेच. पॉवर स्टिअरिंगमध्ये त्यांना तेलाच्या दाबाचा किंवा विजेच्या मोटारीचा हातभार मिळतो. कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ साली आपली तेलावर चालणारी योजना पिअर्स-अ‍ॅरो मोटारीवर चालवून दाखविली. सर्वसामान्य विक्रीच्या मोटारीत ती आली १९५१ साली, क्रायस्लर कंपनीच्या इंपीरिअल गाडीतून. विजेच्या मोटारीची मदत १९८८ साली जपानच्या सुझुकीने सर्वो या चिमुकल्या गाडीत दिली.

तेलाच्या रॅकमध्ये चक्राचा दांडा आणि पिनिअन यांच्यामध्ये पोलादाची एक बारीक सळई असते. हाताने जोर लावला की ती किंचित पिळवटते, त्या पिळाने झडप उघडते आणि वळावयाच्या बाजूस तेल जोर करते. हात सैल सोडला की पीळ सुटतो व मदतही थांबते. पंपाचा पट्टा तुटला तरी दांड्याचा आणि पिनिअनचा लोखंडी संबंध कायम राहतो. गाडी जड होते, पण हातची जात नाही. सर्व फेरफार करताना हीच कसोटी डोळ्यांपुढे ठेवावी.

आता खर्चापूर्वीची परीक्षा. स्टिअरिंग जड असणे हा पुष्कळदा गाडीचा स्वभाव नसून तिचा आजार असतो. टायरमध्ये हवा कमी, टायर मूळ मापाहून रुंद, किंग पिन ग्रीसवाचून सुकलेले, बॉल जॉइंट आवळलेले, अलाइनमेंट बिघडलेले, किंवा आतील कपाटे आणि टाकी यांचा भार पुढच्या चाकांवर आलेला, अशी कारणे असू शकतात. सपाट जागी मागची चाके अडवून गाडी पुढून उचलावी आणि भक्कम घोड्यांवर ठेवावी. नुसत्या जॅकवर विसंबू नये. मग चक्र फिरवून पाहावे. चाके अधांतरी असतानाही ते जड जात असेल, तर दोष सांध्यांत, दांड्यात किंवा स्टिअरिंगच्या पेटीत आहे. तो राहू देऊन वर पॉवर स्टिअरिंग बसविणे म्हणजे दुखणे न काढता कण्हणे बंद करणे होय. कितीतरी गाड्यांचे काम ग्रीस, नवे सांधे आणि योग्य हवा एवढ्यावरच भागते.

एवढे करूनही भार उरलाच, तर पुढचा प्रश्न आसाचा. पुढे अखंड आस आणि त्याखाली पाटे असलेल्या मालवाहू धाटणीच्या गाडीला चासीवर रॅक बसवू नये. खड्ड्यात आस सबंधच वर-खाली होतो, रॅक मात्र चासीबरोबर राहतो. त्यामुळे टाय रॉड चाकांना ढकलतात किंवा ओढतात आणि चक्र न हलविता गाडी बाजूला झेपावते. अशा गाडीस त्याच घराण्याच्या पॉवर मॉडेलची स्टिअरिंगची पेटी मिळाल्यास ती बरी. दोन्ही चाके स्वतंत्रपणे वर-खाली होणाऱ्या गाडीत रॅक शोभतो. परंतु तेथेही त्याची लांबी आणि उंची मूळ रॅकशी जुळली पाहिजे. टाय रॉडचे आतले सांधे चाक धरणाऱ्या बाहूंच्या बिजागरीच्या रेषेत नसतील, तर अखंड आसाचाच दोष येथेही उद्भवतो.

आणखी एक धोका ऐकून अनेकांना नवल वाटेल. काही मोटारींत रॅक आसाच्या पुढे असतो, काहींत मागे. मागे बसावयाचा रॅक तसाच पुढे बसविला, तर चक्र उजवीकडे फिरविताच गाडी डावीकडे वळते! रॅकची सरकही मोजावी. ती मूळपेक्षा अधिक असल्यास टायर घासतात. कमी असल्यास गाडी वळावयास अधिक जागा मागते, आणि घाटातील वळणावर ते फार महागात पडते.

मदत तेलाची घ्यावी की विजेची, हे गाडीच्या शक्तीवर ठरते. तेलाचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. लहान इंजिनाला त्याचा भार जाणवतो, शिवाय पंप आणि रॅक एकाच गाडीचे असावेत, कारण दाब अधिक असल्यास चक्र इतके हलके होते की सरळ रस्त्यावरही गाडी स्थिर धरणे कठीण जाते. विजेची मोटार दांड्यावरच बसते, नळ्या-तेलाचा खटाटोप नाही. परंतु गाडी जागेवर उभी असताना चाके वळविली, तर ती तीस-चाळीस अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढू शकते. जुन्या गाडीचा अल्टरनेटर, बॅटरी आणि वायर तेवढे सोसतील काय, हे आधी पाहावे. तसेच या मोटारीच्या नियंत्रकाला गाडीच्या वेगाचा संकेत लागतो. तो न मिळाल्यास मदत एकसारखीच राहते किंवा बंद होते. आणि एकसारखी मदत बोळात सुखाची असली, तरी महामार्गावर धोक्याची.

चक्रापासून रॅकपर्यंतचा दांडा हा साऱ्या कामाचा प्राण. नव्या रॅकचे तोंड क्वचितच जुन्या जागी येते, म्हणून मिस्त्री दांडा कापून वेल्डिंगने जोडू पाहतो. येथे ठाम नकार द्यावा. खाचा तंतोतंत जुळणारे तयार सांधे आणि तयार दांडाच वापरावा. दोन सांधे असतील तर ते एकमेकांशी योग्य कोनात बसवावेत, नाहीतर एका फेऱ्यात चक्र कधी जड, कधी हलके लागते. टक्कर झाली असता आत दबणारा दांडा असेल, तर त्याचा तो गुण जाऊ देऊ नये. दांड्याचे काम परिचयाच्या मिस्त्रीचे भिडेने न घेता, उद्यमबागेसारख्या ठिकाणी यंत्रकाम जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे.

कायद्याची बाजूही आहे. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी-पुस्तकातील तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाने करू नये, असे मोटार वाहन अधिनियम १९८८ चे ५२ वे कलम सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. शारीरिक अडचण असलेल्या व्यक्तीसाठी गाडीत अनुकूल बदल करण्याची वाट कायद्यात आहे; खांद्याच्या दुखण्याचा डॉक्टरी दाखला असल्यास तीही विचारून पाहावी.

काम झाल्यावर गाडी थेट रस्त्यावर आणू नये. मोकळ्या मैदानात, माणसे दूर ठेवून, इंजिन चालू असताना संथ गतीने वळवून पाहावी. नंतर मदत बंद करून पाहावी: पंपाचा पट्टा किंवा मोटारीची तार सोडून, तशाच संथ गतीने. पॉवरच्या रॅकला मदत नसेल, तर तो साध्या रॅकहून अधिक जड लागतो, कारण त्याची दातांची मांडणी कमी फेऱ्यांची असते. दुखऱ्या खांद्याच्या माणसाने अशा वेळी गाडी वळवून बाजूला घेता आली, तरच काम पत्करावे. घेता येत नसेल, तर घाटाच्या प्रवासात सोबत चालविणारा तरुण हात असावा, किंवा ती गाडी घरातील दुसऱ्याच्या हाती द्यावी. तीत बसून यात्रा करण्यात कोणताच कमीपणा नाही.